वॉकर की पांगुळगाडा?

शिक्षण, आरक्षण, राजकारण यांवर आपण रोज वाद घालतो. आजचा विषय वेगळा आहे, पण किरकोळ नाही. आपल्या घरातले वर्षा-दीड वर्षाचे मूल दिवसभर कुठे असते आणि कशाशी खेळते?

आमच्या वस्तीत घरात पहिले मूल आले की नातेवाईक हमखास वॉकर आणतात. गोल प्लास्टिकची गाडी, मध्ये बसायला झोळी, पुढे गाणी वाजवणारा ट्रे. "याने बाळ लवकर चालतं," हे सगळ्यांना पाठ आहे. आम्ही आमच्या घरी वॉकर वापरला नाही, तेव्हा "पैसे वाचवता का?" असे टोमणे ऐकावे लागले. म्हणून आमची बाजू मांडतो.

वॉकरमुळे मूल लवकर चालते, याला काहीही आधार नाही. त्यात मुलाचे वजन झोळी पेलते आणि पायाची बोटे नुसती जमीन ढकलतात. तोल सावरणे, पडणे, हात टेकून पुन्हा उठणे हा चालण्याचा खरा अभ्यास होतच नाही. शिवाय क्षणात मूल जिन्यापर्यंत किंवा शेगडीपर्यंत पोहोचते. अशा अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली. आपल्याकडे मात्र तोच प्रगतीची खूण समजला जातो!

आता आजीच्या काळातला लाकडी पांगुळगाडा आठवा. तीन चाके आणि धरायला दांडी. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि तो ढकलते. गाडा हलका असेल तर पुढे निसटतो, म्हणून त्यावर थोडे वजन ठेवावे आणि मोठ्या माणसाने जवळ थांबावे.

मग खेळणे निवडायचे कसे? आमची कसोटी साधी आहे: हालचाल खेळणे करते की मूल? बटण दाबले की नाचणारी बाहुली मुलाला प्रेक्षक बनवते. रांगणाऱ्या मुलासमोर चेंडू घरंगळत सोडा, ते त्यामागे जाईल. उभे राहणाऱ्याला पांगुळगाडा द्या. नीट चालू लागले की दोरीने ओढायची गाडी द्या. एकात एक बसणारे डबे, चढायला घट्ट भरलेली उशी, हे तर घरातच असते. विकत घेताना आयएसआय खूण पाहा. खेळण्यांवर ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. सुटणारे बारीक भाग, तोंडात मावणारे मणी नकोत.

आणि मुलींचे काय? मुलाला चेंडू आणि सायकल, मुलीला बाहुली आणि भातुकली. समतेच्या घोषणा देणाऱ्या आपल्या घरांतही दुसऱ्या वर्षापासूनच मुलीला एका जागी बसवले जाते. चेंडू दोघांनाही द्या.

"दहा बाय दहाच्या खोलीत मूल हलणार कुठे?" हा प्रश्न खरा आहे. जागतिक आरोग्य संघटना २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगते की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी आणि एका वेळी तासापेक्षा जास्त त्यांना बांधून ठेवू नये. ही जागा एकटी आई कुठून आणणार? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा दिला. आई आणि मूल हा फक्त घरापुरता मामला नाही, तर समाजाची आणि शासनाची जबाबदारी आहे, हेच आम्ही त्यातून शिकलो.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. आपली समाजमंदिरे दिवसा कुलूपबंद असतात. रोज दोन तास ती उघडा, फरशी पुसून घ्या, सतरंजी अंथरा, चार चेंडू आणि दोन पांगुळगाडे ठेवा. अंगणवाडीत खेळायला जागा आणि साहित्य आहे का, हे जाऊन पाहा. नसेल तर अर्ज द्या, पाठपुरावा करा. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतून एक डीजे कमी झाला, तर एवढा खर्च सहज निघेल.

जय भीम!