चाचांची मजुरी

वडिलांच्या हृदयाच्या तपासणीसाठी चिपळूणहून कऱ्हाडला वरचेवर जावं लागे. मध्ये कुंभार्ली घाट, आणि आमच्याकडे जुनी, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. सपाटीला झकास पळणारी ही गाडी घाटात दोन-चार वळणं घेतली की दम टाकायची. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी ढिम्म. मागे एसटीचा हॉर्न, शेजारी वडील खिडकीची कड धरून. एका गॅरेजवाल्याने तर रिंगा गेल्याचं सांगून इंजिन उतरवण्याचा खर्चही काढून दिला होता.

वाटेवरच्या पोफळीच्या मेकॅनिक चाचांनी मात्र बॉनेटला हात लावण्याआधी विचारलं, "चढाला इंजिन नुसतं ओरडतं, की घुसमटतं?"

"घुसमटतं."

"पाच मिनिटं थांबलात की परत चालतं?"

"चालतं की."

ओरडत असतं तर क्लच घसरतोय म्हणायचं. तरी खात्रीसाठी त्यांनी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकून क्लच हळूच सोडला. इंजिन गपकन बंद. म्हणजे क्लच शाबूत. निळा धूर नाही, ऑइल उतरत नाही. मग रिंगांना कशाला बोल लावायचा? कार्ब्युरेटरला जाणारा पाइप काढून त्यांनी बाटलीत सोडला आणि मला स्टार्टर मारायला लावला. पेट्रोल जोरात उडायला हवं होतं, ते नुसतं ठिबकत होतं. सपाटीला तेवढं पुरायचं. चढावर इंजिनाची मागणी वाढली की फ्लोट चेंबर रिकामं व्हायचं, आणि थांबल्यावर हळूहळू भरायचं.

फिल्टर मागच्याच महिन्यात बदललेला. दुसऱ्या कुणी तो पुन्हा बदलून पैसे घेतले असते. चाचा म्हणाले, "महिन्यात तुंबला, तर घाण येते कुठून?" आणि त्यांनी टाकी उतरवली. आत चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गंज साचला होता. पेट्रोलने टाकी खळबळून काढली, पाइपात हवा मारली, नवा फिल्टर बसवला. तोवर वडिलांना त्यांच्या पडवीत पंख्याखाली झोपायला चटई मिळाली, वर बिनसाखरेचा चहा.

पैसे घेतले ते फिल्टरचे. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "आधी डॉक्टरांना गाठा, मग बघू."

पुढे वडील पोफळीला गाडी थांबवायला लावायचेच. मी मजुरीचा विषय काढला, की चाचा त्यांच्याकडे वळून यंदा हापूसला मोहोर कसा आहे ते विचारायचे, आणि मग दोघांच्या गप्पांत मला जागाच उरायची नाही.