एकास सत्त्याऐंशी

या वीकेंडला मॉल नको, मल्टिप्लेक्सही नको. पुण्यात असाल तर सरळ कोथरूड गाठा. कर्वे रस्त्याच्या परिसरात जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे. नाव म्युझियम, पण इथं सगळं पळतं! भाऊ जोशींच्या छंदातून उभं राहिलेलं हे चिमुकलं शहर 1998 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. इवलाले सिग्नल लाल-हिरवे होतात, गाड्या सुटतात आणि आईबापांची तोंडं पोरांइतकीच उघडी राहतात.

बाहेर पडताना एक प्रश्न हमखास येतो, 'आपल्यालाही जमेल का हे?' जमेल की! पण आधी हिशेब ऐका.

मॉडेल रेल्वेत जगभर चालणारं माप म्हणजे एचओ. वस्तू खऱ्याच्या 87 पट लहान. साडेपाच फुटी माणूस इथं दोन सेंटिमीटरही भरत नाही. इंजिनं, डबे, रूळ तयार मिळतात. जर्मनीची मार्कलिन कंपनी तर 1859 पासूनची. खोका उघडा, रूळ जोडा, गाडी सुरू. गोची पुढे आहे. एचओचे रूळ 16.5 मिलिमीटर रुंदीचे, कारण ते परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या गेजवरून काढलेत. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं. भागाकार करा, सव्वाएकोणीस येतो. म्हणजे डेक्कन क्वीन अगदी मापात हवी, तर रुळापासून सगळं स्वतः घडवा. याचंच नाव स्क्रॅच-बिल्डिंग.

खर्च पैशांचा कमी, वेळेचा जास्त. सनबोर्ड, कार्डशीट, कटर, स्टीलची पट्टी, फेव्हिकॉल. अप्पा बळवंत चौकात एका फेरीत काम होतं. पण बारा खिडक्यांचं घर करायचं आणि दर रविवारी एकच खिडकी धरली, तर तीन महिने खिडक्यांतच गेले. शिवाय डायनिंग टेबल अडकतं, मान धरते आणि 'विकत मिळत नाही का रे?' हे घरातून रोज ऐकावं लागतं.

मग करायचं कशाला? सदाशिव पेठेतला माझा आजोळचा वाडा पाडणार हे ठरलं, तेव्हा मामानं फोटो काढले आणि मी टेप घेतली. प्रत्येक दार, खांब, कोनाडा मोजला. जिन्याची सगळ्यात वरची पायरी बाकीच्यांपेक्षा इंचभर उंच निघाली. तिथं पाहुणे अडखळतात हे लहानपणापासून पाहत होतो. कारण टेपनं सांगितलं. फोटोत ती पायरी बाकीच्यांसारखीच दिसते. मॉडेलमध्ये मात्र तिला वेगळा, जाड पुठ्ठा कापावा लागला. तयार किट जोडताना मोजण्याचं काम आधीच कुणीतरी केलेलं असतं. इथं ते आपल्या वाट्याला येतं, आणि खरी कमाई तीच.

सात महिने लागले. तोवर वाडा गेला होता. आजीनं चष्मा सारखा केला आणि मॉडेलमध्ये आधी तुळशीवृंदावन शोधलं. अडीच फुटांचं ते, इथं जेमतेम नऊ मिलिमीटर. सापडलं तेव्हा तिनं हात जोडले. मग मला म्हणाली, "मागचं दार लाव, मांजर येतं."

वाडा परत आला असं नाही. ओल्या भिंतींचा वास कार्डशीटला येत नाही, आणि ज्या जागी चौक होता तिथं आता पार्किंग आहे. पण ती पायरी किती उंच होती, हे आता कुणीही येऊन मोजू शकतं.

तुम्ही अगदीच नवखेही नाही. दिवाळीत जिन्याखाली माती, दगड आणि पोती जमवून केलेला किल्ला आठवा. अळीव पेरून डोंगर हिरवे करणं हेही स्क्रॅच-बिल्डिंगच!

सुरुवात लहान करा: एक दार, एक ओटा, कोपऱ्यावरची चहाची टपरी. म्युझियमला जाण्याआधी शोच्या वेळा फोन करून विचारून घ्या. आणि तुमच्या आजोळचं घर यंदा पडणार असेल, तर हा रविवार टेप घेऊन तिकडेच घालवा. कोथरूड पुढच्या रविवारी.