रात्र पुढच्या गावाला जाते

भातं कापून झाली, खळ्यात उडव्या रचल्या, तुळशीचं लग्न लागलं, की तळकोकणात दिवस मावळताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "आज खंयची जत्रा?" जत्रा कुठेतरी आहे हे धरलेलंच असतं, गाव तेवढं विचारायचं. पार उन्हाळ्यापर्यंत हा प्रश्न पुरतो.

प्रत्येक गावाची सातेरी वेगळी, रवळनाथ वेगळा, माऊली वेगळी, आणि प्रत्येकाची तिथी ठरलेली. आमच्या घरात काळ मोजला जायचा तो या तिथींनी. आजीच्या माहेरची जत्रा झाली म्हणजे आमच्या जत्रेला सहा दिवस उरले. माझी आत्या कोणत्या साली जन्मली हे कुणालाच धड सांगता येत नसे, पण ती जत्रेच्या रात्री, पालखी बाहेर पडताना जन्मली, हे सगळ्या वाडीला पाठ होतं.

ही आत्या दरवर्षी ओटी भरायला यायची. नारळ, तांदूळ, खण, केळी. रांगेत दोन-दोन तास उभी राहायची आणि कंटाळलेली कधी दिसायची नाही. ओटी भरून झाली की घरी न येता ती देवळाच्या पायरीवर बसायची. हळूहळू तिथे तिच्या वयाच्या बायका जमायच्या. याच वाडीत वाढलेल्या, चार तालुक्यांत दिलेल्या. त्या काळी लग्नात मुलीचं नाव बदलत. आत्याचंही बदललं होतं. जत्रेच्या गर्दीत मागून कुणीतरी तिला जुन्या नावानं हाक मारी आणि ती ज्या वेगानं वळे, तो मला अजून आठवतो. जत्रेला देवीचा उत्सव म्हणतात, ते खरंच आहे. पण मला ती आधी या लेकींची रात्र वाटते. देवी म्हणजे गावात कायम राहणारी आई, आणि वर्षातून एकदा तिच्या दारात उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

देवळाखालच्या कापलेल्या कुणग्यांत दुकानं लागतात. पायाला भाताची धसकटं टोचतात. आमच्या लहानपणी गॅसबत्त्या असत, आता विजेच्या माळा आहेत. उजेड बदलला, वास तोच आहे. सगळ्यांत पुढे खाजेवाले. बेसनाच्या तळलेल्या जाड कांड्या, त्यांवर गुळाचा पाक, आणि त्या पाकात ठेचलेलं आलं. ताजं खाजं हाताला चिकटतं, जिभेला आधी गोड लागतं आणि मग घशात आलं चढतं. डिसेंबरच्या दवात उघड्यावर रात्र काढायची, तर हे आलं हवंच. सासरी परतताना आत्याच्या पिशवीत दुसरं काही नसलं तरी चालायचं, खाजं नसून चालत नसे. शेजारघरी एकेक कांडी वाटल्याशिवाय तिची जत्रा पुरी होत नसे.

मध्यरात्रीकडे ढोल बदलतो. पालखी देवळाभोवती फिरते, गाऱ्हाणं घातलं जातं, आणि प्रत्येक मागणीला अंधारातून "व्हय म्हाराजा" असा एकच आवाज उठतो. त्यानंतर दशावतार. पायपेटी, मृदंग आणि झांज, बसायला एक बाक, एवढ्यावर सगळा स्वर्ग आणि पाताळ उभं राहतं. आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात. काळ्या कपड्यांतला संकासूर वेद पळवतो आणि प्रेक्षकांशी मालवणीत बोलत सुटतो. मग मुख्य आख्यान. त्याची संहिता कुठेही लिहिलेली नसते. आज कोणती कथा लावायची ते ठरतं, कुणी काय व्हायचं ते ठरतं आणि शब्द रंगमंचावर उभे राहूनच सुचतात. म्हणून काल पलीकडच्या गावी पाहिलेलं आख्यान आज पुन्हा पाहायला माणसं चालत येतात. राजा तोच, शाप तोच, पण राणी आज काय बोलेल ते तिलाही ठाऊक नसतं. बोलण्यावर इतका विश्वास टाकणारी नाट्यकला मला फार मोठी वाटते.

मोठ्या जत्रांची रूपं वेगळी. सोनुर्लीच्या माऊलीला त्रिपुरी पौर्णिमेनंतर नवसाची लोटांगणं होतात. कुणकेश्वरला महाशिवरात्रीची गर्दी थेट समुद्राला जाऊन भिडते. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीवर नसतेच, देवीचा कौल घेऊन तारीख ठरते. ती कळली की मुंबईतला चाकरमानी रजेचा अर्ज लिहायला घेतो. तिथे आंगणे घराण्यातल्या बायका प्रसाद रांधतात तो अबोल राहून. लाखोंच्या गोंगाटात चुलीपाशी कुणी बोलत नाही, या गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. तरी माझा जीव लहान जत्रांत रमतो, जिथे दुकानदारही नावानं ओळखतात.

आत्या गेली त्या वर्षी मी एकटाच पहाटेपर्यंत बसलो होतो. दहीकाला झाला, हंडी फुटली, बायकांनी पेंगुळलेली मुलं खांद्यावर घेतली. उजाडलं तेव्हा कुणग्यात खुंट उपटलेल्या जागी ओली भोकं दिसत होती. पायपेटी बांधून झाली होती. पायरीवर आत्याची एक मैत्रीण अजून बसून होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि आत्याच्या त्या जुन्या नावानं तिची चौकशी केली. तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं. तिनं ओटीतली दोन केळी काढून माझ्या हातात ठेवली आणि बराच वेळ हात सोडला नाही.

रस्त्यावर खाजेवाला टेम्पोत कढई चढवत होता. मी पावशेर मागितलं, त्यानं तळातलं गोळा करून दिलं.

"फाल्या खंय?" मी विचारलं.

"व्हाळाच्या पलतडी. येतलंस मां?"

मी मान हलवली.