माती, पाणी आणि इन्शुलिन

वरवंडहून पुण्याकडे निघालेली एस.टी. चौफुला आणि यवत मागे टाकून साधारण निम्म्या वाटेवर उरुळी कांचनला थांबते. सोलापूरकडून आलेला, हातात एक्स-रेची मोठी पिशवी धरलेला एखादा थकलेला प्रवासी तेथे उतरतो आणि आश्रमाचा रस्ता विचारतो. त्यामुळे आमच्या दौंड तालुक्यातील माणसाला निसर्गोपचार ही शहरातल्या सुखवस्तू लोकांची नवी टूम वाटत नाही. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान, उपवास, उकडलेल्या भाज्या हे सारे आमच्या ओळखीचे आहे. आमच्या ख्रिस्ती घरांतूनही काहीजण तेथे राहून आले आहेत, आणि येताना पाच-सहा किलो वजन व थोडी चिडचिड मागे ठेवून आले आहेत.

या आश्रमाच्या जन्माची हकीकत मोठी बोलकी आहे. महात्मा गांधींचा मूळ विचार पुण्यातच निसर्गोपचाराचे केंद्र चालविण्याचा होता. डॉ. दिनशा मेहता या पारशी सद्गृहस्थांचे चिकित्सालय ताडीवाला रस्त्यावर होते आणि गांधीजी तेथे राहत, उपचार घेत. पण शहरातल्या त्या वास्तूत खेड्यातला गरीब रोगी येणार नाही, हे ध्यानात येताच त्यांनी तो बेत सोडला. 22 मार्च 1946 रोजी ते उरुळीला आले आणि 30 मार्चपर्यंत राहिले. ज्या रोग्याला औषधाची बाटली परवडत नाही त्याला माती, पाणी, ऊन आणि हवा तरी परवडेल, हा त्यामागचा हिशेब होता. त्यांच्या लेखी पाचवे औषध रामनामाचे. गांधीजी पुढे दिल्लीच्या राजकारणात गेले. मागे राहिले मणिभाई देसाई. त्यांच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

गांधीजींचे या विषयातील गुरू जर्मन होते. लुई कुने आणि अडोल्फ यूस्ट यांची पुस्तके त्यांनी दक्षिण आफ्रिकेतच वाचली होती. मात्र त्याच जर्मन भूमीत, त्याच शतकात, पाण्याने रोग बरे करणारा एक कॅथलिक धर्मगुरू होऊन गेला, हे आपल्या धर्मग्रामांतून फारसे कोणाला ठाऊक नसते. फादर सेबास्तियन क्नाइप यांचा जन्म 1821 मध्ये बव्हेरियातील एका गरीब विणकराच्या घरी झाला. धर्मगुरू होण्यासाठी शिकत असताना त्यांना छातीच्या विकाराने गाठले. जुन्या काळातील एका डॉक्टरचे पाण्याच्या उपचारांवरील पुस्तक त्यांच्या हाती पडले, आणि 1849 च्या हिवाळ्यात हा तरुण डॅन्यूब नदीच्या बर्फगार पाण्यात क्षणभर बुडी मारून धावत घरी येऊ लागला. त्याची प्रकृती सुधारली. 1852 मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली. पुढे व्योरिशोफेन या खेड्यात डॉमिनिकन धर्मभगिनींचे आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून आलेल्या या फादरांच्या दारी रोग्यांची रांग लागली. झारीने गुडघ्यावर गार पाण्याची धार सोडणे, पहाटे दवाच्या गवतातून अनवाणी चालणे, साधे जेवण, वनस्पतींचे काढे, आणि जीवनाला शिस्त: एवढीच त्यांची सामग्री. 1886 मध्ये जलोपचारावरील त्यांचे पुस्तक निघाले व युरोपभर गाजले. स्थानिक डॉक्टर आणि औषधविक्रेते त्यांच्यावर चिडले, तर पोप लिओ तेरावे यांनी त्यांना मोन्सिन्योर ही पदवी दिली. 1897 मध्ये ते वारले.

पाण्याच्या या कथेत आपल्याला परके काहीच नाही. नामान सेनापतीला अलीशा संदेष्ट्याने यार्देनेत सात वेळा बुडी मारायला सांगितले होते. नामान रागावला तो याच कारणासाठी की उपाय फारच साधा होता. प्रभूने आंधळ्याच्या डोळ्यांवर मातीचा लेप लावला आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुण्यास पाठविले. परंतु या उताऱ्यांचा आधार घेऊन कोणी मातीला डोळ्यांचे औषध ठरवू लागला, तर त्याने शुभवर्तमान नीट वाचलेले नाही असेच म्हणावे लागेल.

हे लिहिण्याचे कारण माझ्या नात्यात घडलेली एक गोष्ट आहे. माझ्या चुलतबहिणीच्या मुलीला अकराव्या वर्षी मधुमेह जडला; लहान मुलांना होतो तो, ज्यात शरीरात इन्शुलिन तयार होणेच थांबते. रोजची इंजेक्शने सुरू झाली. वर्षभराने जवळच्या एका गावात कोणा फिरत्या उपचारकाचे शिबिर भरले. त्याने सांगितले, की इंजेक्शन म्हणजे रसायन. आणि रसायनाने शरीर दुबळे होते. पांढरी साखर विष आहे, पण गूळ आणि मध नैसर्गिक असल्यामुळे ते खुशाल द्यावेत. शिवाय एक काढा. आईचे मन केवढे भाबडे असते! तिने इन्शुलिन बंद केले. प्रार्थनासभेतल्या एका बाईंनीही, परमेश्वरावर भरवसा असेल तर सुईची गरज नाही, अशी पुस्ती जोडली. तिसऱ्या दिवशी मुलीला उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि भराभर चालू लागला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला. रक्तात आम्ल साठल्याची ती खूण होती. रात्री पुण्याच्या रुग्णालयात सलाईन आणि इन्शुलिन चालू झाले म्हणून ती वाचली.

वरवंडच्या आसपास राहणाऱ्याने गुळाविषयी भाबडे राहू नये. आमच्याकडे गुऱ्हाळे डोळ्यांसमोर चालतात. चिपाडाच्या जाळावर काहिलीत रस उकळतो, मळी काढली जाते, गुळव्या पाक हातात घेऊन त्याची परीक्षा करतो आणि मग वाफ्यात ओतून ढेपा पडतात. भेंडीच्या चिकट पाण्याने मळी काढून केलेला काळसर गूळ मला स्वतःला फार आवडतो. बाजाराला पिवळाधमक गूळ हवा असतो, म्हणून रंग उजळण्यासाठी त्यात हायड्रॉसची पूड घालणारेही आहेत. या दोहोंत पहिला चांगला, हे खरेच. त्यात थोडे लोह आणि क्षारही असतात. पण दोन्ही गुळांत शेकडा 65 ते 85 भाग तीच उसाची साखर असते, आणि ती ज्या मुलीच्या रक्तात जाते तिला ती काहिलीतून आली की कारखान्यातून, याने काहीही फरक पडत नाही.

इन्शुलिनविना केवळ आहाराने हा रोग आवरण्याचा प्रयत्न वैद्यकशास्त्राने करून पाहिला नाही असे नाही. 1921 पूर्वी दुसरा मार्गच नव्हता. न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक ॲलन अशा मुलांना दिवसाला कधी पाचशे उष्मांकांहूनही कमी अन्न देत. मुले काही महिने, क्वचित एखादे वर्ष अधिक जगत. हाडांचे सापळे होऊन त्यांतली काही उपासमारीनेच जात. जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. ते औषध जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले होते. म्हणजे ‘नैसर्गिक’च म्हणा की!

तरीही उरुळीच्या उपवासाला मी हसणार नाही. प्रौढपणी वजन वाढून होणारा मधुमेह वेगळा. त्याविषयी ब्रिटनमध्ये एक काटेकोर प्रयोग झाला आणि 2017 मध्ये त्याचा अहवाल आला. सुमारे साडेआठशे उष्मांकांचा आहार काही महिने घेऊन वजन उतरविलेल्या गटातील 46 टक्के रोग्यांची साखर वर्षअखेर औषधाविना आटोक्यात होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. मिताहाराचे महत्त्व सांगणाऱ्या जुन्या निसर्गोपचारकांना याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे? मात्र ते मिळाले मोजमापामुळे. दोन गट केले, वजने घेतली, रक्त तपासले, आणि गोळ्या थांबविल्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

स्वतः गांधीजींच्या चरित्रातही या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात, आणि त्या पुण्यातच. 1924 च्या जानेवारीत त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी केली. फेब्रुवारी 1944 मध्ये आगाखान महालात कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात असताना देवदासांनी पेनिसिलिन मागविले होते. पण वारंवार सुया टोचून त्यांना यातना देऊ नयेत, असे गांधीजींनी मुलाला सांगितले. त्या अवस्थेत औषधाने त्या वाचल्या असत्या असे कोणी म्हणू शकणार नाही. 22 तारखेला त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही आठवड्यांनी गांधीजींना हिवताप झाला, तेव्हा आधी नकार देऊन मग त्यांनी क्विनाइन घेतले. या घटनांवरून त्यांच्यावर दांभिकपणाचा आरोप करणाऱ्यांपैकी मी नाही. मरणाच्या दारातील पत्नीविषयी पतीने काय ठरवावे, हे बाहेरच्यांनी सांगू नये. पण क्विनाइन घेतले आणि ताप उतरला, हेही वाचकांना ठाऊक असावे.

श्रद्धेच्या नावाने औषध सोडावयास सांगणाऱ्या त्या प्रार्थनासभेतील बाईंना मी लूर्डविषयी सांगितले. तेथील झऱ्याच्या पाण्यावर कोट्यवधी भाविकांची श्रद्धा आहे. असे असूनही तेथे 1883 पासून डॉक्टरांचे कार्यालय आहे. बरे झाल्याचा दावा करणाऱ्याचे आधीचे व नंतरचे कागद तेथे तपासले जातात. नोंदल्या गेलेल्या सात हजारांहून अधिक घटनांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या जेमतेम सत्तरच्या आसपास आहेत. प्रत्यक्ष पवित्र मातेच्या दर्शनस्थळी चर्च इतकी चौकशी करते. मग शिबिरातल्या काढ्याची आपण का करू नये? सिराखच्या ग्रंथाच्या 38 व्या अध्यायात तर प्रार्थना आणि वैद्य या दोहोंना शेजारी शेजारी बसविले आहे. त्या बाईंनी तो अध्याय वाचला नव्हता. आता वाचला आहे, असे त्या म्हणतात.

येथे मणिभाई देसाईंची आठवण होते. गांधीजींचा हा तरुण अनुयायी उरुळीत राहिला तो 1993 मध्ये निधन होईपर्यंत. आश्रम चालविता चालविता त्याने गायी पाळल्या, आणि 1967 मध्ये बाएफ ही संस्था उभी केली. तिने परदेशी वळूंचे गोठविलेले वीर्य वापरून कृत्रिम रेतनाने संकरित गायींची पैदास गावोगाव पोहोचविली. आश्रमातल्या माणसाने निसर्गात असा हस्तक्षेप करावा, हे काहींना विसंगत वाटेल. मणिभाई शेतकऱ्याच्या चरवीत किती दूध पडते ते पाहत. 1982 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मागच्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर चुलतबहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, माझंही वजन वाढलंय, साखरही वर आहे. मुलीला आणि मला दोघींनाही उरुळीला आठवडाभर नेलं तर?” मी म्हटले, तू अवश्य जा; पण आधी डॉक्टरांना विचार आणि तुझ्या गोळ्यांचा कागद तेथे पहिल्याच दिवशी दाखव. मुलीला उपवासाला बसवू नकोस. तिला नेलेस तर तिची इन्शुलिनची पेने थंड डब्यात घालून बरोबर ने, साखर मोजायचे यंत्र घे, आणि जाण्यापूर्वी तिच्या डॉक्टरांशी बोल. पहाटे दवातून अनवाणी चालायचे असेल तर तू चाल. तिच्या पायांत मात्र चपला असू देत.