उणे टक्क्यांचा मुक्काम

पुणे-सोलापूर रस्ता सोडून पळसदेवच्या आसपास डावीकडे उतरलं की उन्हाळ्यात एक गंमत होते. मोबाइलच्या नकाशात आपली गाडी पाण्यात शिरते. चहूकडे निळा रंग, मधे आपला ठिपका; आणि काचेबाहेर पाहावं तर धुरळा, वेड्या बाभळी, कडवळाचे हिरवे तुकडे आणि भेगाळलेला काळा गाळ. नकाशा खोटं बोलत नसतो. त्याने धरण भरलेलं असतानाचं पाणी रंगवलेलं असतं, एवढंच. आपण आलेलो असतो एप्रिलमध्ये.

उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३. दोन्हींत फरक सहा मीटरचाही नाही, एकोणीस-वीस फूट. तेवढ्या उंचीत साडेत्रेपन्न टीएमसी पाणी मावतं. मुळशी-पानशेतकडे डोंगर उभे असतात. तिथे पाणी वीस फूट उतरलं तर काठाला लाल मातीचा एक पट्टा उघडा पडतो आणि काठ जिथला तिथेच राहतो. इथे भीमेचं खोरं इतकं सपाट, की पाणी हातभर उतरलं तरी काठ एखादं शेत ओलांडून पलीकडे जातो. उन्हाळाभर तो असा चालत राहतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याकडची धरणं भरून विसर्ग सुरू झाला की थोड्या दिवसांत परत फिरतो. मागच्या खेपेला जिथे तंबू ठोकला ती जागा पुढच्या खेपेला दाखवता येईलच असं नाही.

या सगळ्यावर सोलापूर जिल्ह्याचं हिशेबाचं एक खास गणित आहे. धरणाची साठवण ११७ टीएमसी. त्यातलं साडेत्रेसष्टच्या वर मृतसाठा, तो मोजायचा नाही. टक्केवारी धरायची ती वरच्या उपयुक्त पाण्याची. त्यामुळे पावसाळ्यात उजनी १११ टक्के होते आणि उन्हाळ्यात उण्यात जाते. चहाच्या टपरीवर लोक तापमान सांगावं तसं सांगतात, ‘उजनी आज मायनस बावीस.’ २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला होता. ऐकणाऱ्याला वाटावं, धरण कोरडंठाक पडलं. पण उणे पन्नासलासुद्धा धरणात सदतीस-एक टीएमसी पाणी असतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही पुण्याची चारही धरणं काठोकाठ भरली तरी एकोणतीसच्या थोडं वर जातात. उण्यातली उजनी पुण्याच्या भरल्या घरापेक्षा मोठी आहे. छोट्या होडीतून मधोमध गेल्यावर हे वाचावं लागत नाही. दोन्ही तीर पुसट होतात आणि वल्हं हातात जड वाटू लागतं.

आमची होडी हवा भरायची, दोन माणसांची. घडी करून डिकीत जाते. सोबत पायाने मारायचा पंप, जोडणीची वल्ही, लाइफ जॅकेटं, तंबू, स्टोव्ह, गळांचे डबे, आणि या सगळ्यापेक्षा जास्त जागा खाणारे पिण्याच्या पाण्याचे कॅन. एवढ्या पाण्याकडे निघालेल्या माणसांनी घरून पाणी न्यावं यात विनोद वाटत असेल तर त्याचं उगमस्थान पुण्यातच आहे. मुळा-मुठा शहरातून जे काही घेऊन निघते ते भीमेत घालते आणि भीमा ते इथे आणून साठवते. उन्हाळ्यात वरच्या बाजूला पाण्याला हिरवी साय धरते, जलपर्णीचे तांडे वाऱ्याबरोबर इकडून तिकडे जातात, हात बुडवला तर वास रेंगाळतो. आम्ही पुणेकर गळ टाकून बसतो ते आपल्याच शहराच्या उताराला. याच पाण्याची पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते.

वाटेत भिगवण लागतं. गळ टाकायला निघालेले लोक भिगवणला थांबून आधी पोटभर मासे खातात आणि मग पुढे जातात. याला कोणी श्रद्धेचा अभाव म्हणेल. मी अनुभव म्हणतो. तिथल्या ताटात बहुतेक वेळा चिलापी येते. रोहू, कटला, मरळ, वाम ही नावं पाटीवर असतात, पण राज्य चिलापीचं आहे. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला गेला. घाण पाणी, कमी प्राणवायू, उथळ डबकी, सगळं त्याला चालतं. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लंही धोका दिसला की तिच्या तोंडात शिरतात. मग बाकीच्या माशांची अंडी मरोत की वाहून जावोत, हिची टिकतात. नर तळाच्या मातीत शेपटीने आणि तोंडाने खळगा करून मादीला बोलावतो.

हे खळगे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिले ते तंबूखाली. गाळ सपाट असेल या भरवशावर चटई अंथरली आणि कमरेखाली खोलगट लागलं. सकाळी पाहिलं तर सगळ्या उतारावर परातीएवढे गोल खळगे, एकाला एक लागून, ओळींत नाहीत पण एकमेकांचा मान राखून. महिन्याभरापूर्वी इथे पुरुषभर पाणी होतं आणि माशांची वस्ती होती. त्यांचे घरमालक आता पाण्याबरोबर खाली सरकले होते.

माशांच्या आधीची वस्तीही याच मातीत आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची गावं उठली. पळसदेव उठून वर रस्त्याकडे आलं. जुन्या गावातलं पळसनाथाचं दगडी मंदिर मागे राहिलं. पाणी उतरू लागलं की आधी शिखर दिसतं, फार उतरलं तर चालत जाऊन खांबांना हात लावता येतो. अशा वर्षी तिथे जत्रा भरते: कॅमेरे, ड्रोन, भेळवाले. मला मंदिरापेक्षा त्याच्या आसपासचं बिनबातमीचं काही जास्त ओढून घेतं. घराचं एक जोतं, कुठेही न जाणाऱ्या तीन पायऱ्या, विहिरीचं दगडी कडं, आणि त्यात गच्च भरलेला गाळ. पलीकडच्या काठाला कुगावचा इनामदार वाडाही असाच वर येतो. भिंतीला शिंपल्यांची पुटं असतात. चुन्याचं काम मात्र अजून पक्कं.

शहरातून इतकं सामान लादून माणूस येतो तो निर्जन जागेच्या शोधात. पुण्यापासून दोन-अडीच तासांत खरी निर्जन जमीन सापडणं कठीण. टेकडीवर रिसॉर्ट आहे, घाटात सेल्फी पॉइंट आहे, गडावर तंबूंचं भाडं ठरलेलं आहे. इथे मात्र मैल मैल मोकळं, घर नाही, झाड नाही, कुंपण नाही. सुरुवातीला मला ही निसर्गाची देणगी वाटायची. नंतर कळलं की ही मोकळीक मुद्दाम केलेली आहे. गावं उठवली, झाडं तोडली, वर पाणी सोडलं, तेव्हा कुठे हे ओसाडपण तयार झालं. आम्ही ज्याच्यासाठी पेट्रोल जाळतो ते कोणाच्या तरी सातबाऱ्यातून कमी झालेलं आहे.

आणि कमी झालेलं असलं तरी सुटलेलं नाही. पाणी मागे सरकलं की मागोमाग लोक येतात. गाळपेर करतात. कधी रीतसर पट्ट्याने, कधी नुसत्या वहिवाटीने. कडवळ, मका, कलिंगड, जे पाणी परत यायच्या आत हाताशी लागेल ते. खत घालावं लागत नाही, ओल असतेच. एका संध्याकाळी आम्ही तंबूच्या खुंट्या ठोकत असताना मोटरसायकलवरून एक वयस्क गृहस्थ आले. गाडी उभी करून त्यांनी आधी होडीकडे पाहिलं, मग तंबूकडे.

“कुठनं आला?”

“पुण्यातनं, मामा. रात्रभर राहतो, सकाळी जरा मासे बघतो.”

“ऱ्हावा की. पर जरा अंगाला सरकून ठोका. हितनं पाइप जाती, रातच्याला पाय अडकंल कुनाचा.” मग सहज, “ही आमचीच पट्टी. म्हातारा सांगायचा, बांधाला दोन आंबं व्हतं.”

त्यांनी हाताने बांध दाखवला. तिथे काहीच नव्हतं, पण हात एका सरळ रेषेत फिरला आणि एका जागी काटकोनात वळला. ज्या जमिनीवर वर्षातले आठ-नऊ महिने पाणी असतं तिच्या हद्दी त्यांच्या हाताला पाठ होत्या. पाण्यात गेली तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे असावेत.

पाइपचं ते खरंच होतं. इथल्या रात्री शांत असतात असं कोणी लिहिलं तर तो इथे झोपलेला नाही असं समजावं. दोन्ही काठांना ऊस आहे, उसाला पाणी लागतं, आणि पाणी दर आठवड्याला लांब जातं. मग शेतकरी मोटर उचलून पुढे नेतो, पाइपची नवी लांबी जोडतो, केबल वाढवतो, गाळात चर खणून पाणी मोटरीपर्यंत आणतो. थ्री फेज लाइट रात्रीची असली की बारा-एकला बॅटऱ्यांचे उजेड उतारावरून खाली येतात, स्टार्टरचे खटके वाजतात आणि सगळा काठ घुमू लागतो. केबलची चोरी होते म्हणून काही जण मोटरीपाशीच घोंगडी टाकून झोपतात. तंबूतला शहरी माणूस अंधाराचं कौतुक करत असतो तेव्हा पन्नास पावलांवर दुसरा माणूस त्याच अंधाराला तांब्याच्या तारेसाठी घाबरून जागा असतो. कधी दूरवरून वेगळ्या इंजिनाचा जड आवाज येतो. तिकडे कोणी बॅटरी मारत नाही. चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी असतात. महसूल खात्याची माणसं त्या पकडून जिलेटिनने उडवतात, बातम्या येतात, नवीन बोटी येतात. आमची पिवळी फुग्याची होडी पाहून एकदा अशाच कोणीतरी लांबून विचारलं होतं, ‘कोन हाय रं?’ आम्ही फार तत्परतेने ‘मासे, मासे’ असं उत्तर दिलं.

पाण्यावर जायचं ते उजाडता. हिवाळ्याच्या शेवटी आलं तर चक्रवाकांच्या जोड्या काठावर असतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब परतीच्या तयारीत असतात, आणि लांब उथळात रोहितांची गुलाबी रांग माना उलट्या करून चिखल गाळत असते. चित्रबलाक तर इतके सरावलेले, की इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचेवर घरटी करतात. खाली दाखल्यांच्या रांगा, वर पिल्लांचा कलकलाट. माझा आवडता पक्षी मात्र कैकर. घारीएवढा, एकटा. पाण्यावर जागच्या जागी पंख मारत थांबतो, पाय पुढे करून कोसळतो आणि मासा डोकं पुढे असा धरून निघून जातो. आम्ही कणकेच्या गोळ्या लावून तासभर बसावं आणि त्याने समोरून दोन मासे न्यावेत, याचं आता वाईट वाटत नाही. आम्हाला मिळते ती चिलापी. तळहाताएवढी असली तर सोडतो. बारीक आसाची जाळी लावून बोटभर पिल्लं काढणारे लोक इथे आहेत, त्यामुळे आमच्या सोडण्याने सरोवरात काही फरक पडतो असं नाही, सोडतो झालं.

दहाच्या आत काठाला लागायचं हा नियम आम्ही पाळतो. तो आमचा नव्हे, इथल्या होडीवाल्यांचा. उघडं पाणी, अडवायला डोंगर नाही, आणि उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ कधी फिरेल ते कळत नाही. वळवाच्या आधी जे वारं सुटतं ते पाण्यावर धूळ घेऊनच येतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. एक जण पोहून काठाला लागला. त्यातलं कोणी सहलीला निघालेलं नव्हतं. धरणाने दोन तालुक्यांमधला रस्ता बुडवला तेव्हापासून होडी हीच इथली एसटी आहे; रस्त्याने वळसा घालायचा तर कित्येक किलोमीटर, पाण्यातून थोडक्यात काम होतं. डिकसळचा जुना रेल्वेचा पूल लोकांनी वर्षानुवर्षं रस्ता म्हणून वापरला तोही याच गरजेपोटी. त्या मे महिन्यानंतर मी लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहतो, आणि होडीत बसताना ‘मजा’ हा शब्द जरा जपून वापरतो.

त्या मामांची सकाळी पुन्हा गाठ पडली. ते मोटर बंद करायला आले होते, आम्ही होडीची हवा सोडत होतो. त्यांनी प्लॅस्टिक बोटांनी चाचपून पाहिलं, वल्हं उचलून वजन घेतलं आणि किंमत विचारली. सांगितल्यावर मान हलवली.

“एवढ्यात आमच्या भावकीतल्या पोरानं होडी बी घेतली आन् जाळं बी.”

“पण ती डिकीत मावत नाही ना, मामा.”

“डिकीत कशाला मावाय पायजे? ती पान्यात ऱ्हाती.” मग स्वतःच हसले. “आन् आत्ता कशाला आनता? आत्ता तर गाडी जाती समद्या गावातनं. गणपती झाल्यावर या. तवा ह्या बांधावर पंधरा फूट असतंय. तवा आना होडी, म्हंजे माझी पट्टी दावतो तुमाला वरनं.”