जंगलाची एस. टी.

होळीच्या सुमारास चंद्रपूरहून आलापल्लीला जायचा योग आला. सोबत सातवीतला माझा भाचा होता. गोंडपिपरी मागे पडली, आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला आणि गडचिरोली जिल्हा लागला. दुतर्फा साग, ऐन आणि बांबूची बेटं!

"मावशी, ही गाडी परत जाणार?" भाच्याने विचारले.

"हो, उद्या सकाळी. गाडी तीच, पण डिझेल नवं!"

मी सहज बोलून गेले, पण दुसऱ्या दिवशी जंगलात हेच वाक्य उपयोगी पडले.

आलापल्लीहून भामरागडकडे जाताना 'वनवैभव' नावाचा जंगलाचा एक तुकडा लागतो. आहे जेमतेम ६ हेक्टरांचा. पण १९५३ सालापासून तो राखून ठेवला आहे आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. तिथली झाडे पाहताना मान मोडून जाते. एक जुने खोड आडवे पडलेले होते. हात लावला तर भुगा! आत वाळवीची केवढी लगबग!

"शी! सगळं सडलंय," भाचा म्हणाला.

"सडलं नाही रे, गाडी डेपोत आलीय!"

मुलांनो, नीट पाहा. पान सूर्याच्या उजेडावर अन्न तयार करते. ते चितळ खाते आणि चितळाला वाघ खातो. पण चितळाने खाल्लेल्यातली बरीचशी ऊर्जा धावण्यात, श्वासात, अंग गरम ठेवण्यात संपते. ढोबळमानाने दहातला एकच भाग पुढच्याला मिळतो. म्हणून तर एका वाघाला शेकडो चितळ-सांबरांचे रान लागते! उष्णता होऊन गेलेली ही ऊर्जा पुन्हा पानाच्या कामी येत नाही. सूर्याने रोज नवी द्यायची. हे झाले डिझेल.

पानातला कार्बन, नत्र, हाडातले कॅल्शियम, ही मात्र गाडी. ती फिरत राहते. वाळवी आणि बुरशी खोडाची माती करतात, मुळे त्या मातीतून नत्र उचलतात. श्वासातून हवेत गेलेला कार्बन पाने पुन्हा घेतात. मेलेल्या चितळाचे हाडसुद्धा साळिंदर कुरतडते. सूर्य रोज नवा माल पाठवतो, पण मातीला बाहेरून कोणी पोते आणून देत नाही.

संध्याकाळी गावाबाहेर धूर दिसला. एक आजी मोहाखालचा पाला पेटवत होत्या.

"आजी, पाला कशाला जाळता?"

"जमीन साफ झाली का पहाटे पडलेली फुलं दिसतात जी, बाई."

मी सांगितले, "आजी, पाल्यातलं बरंचसं नत्र धुरातून उडून जातं. उरलेली राख पहिल्या पावसात वाहून जाते. आग पसरली तर रोपटी आणि जमिनीवरची पाखरांची अंडीही जातात. झाडून घेतलं तर?"

आजी हसल्या. "झाडत बसू का फुलं वेचू? हात दोन अन् झाडं पाच!"

मला उत्तर सुचेना. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मोहफुलांवर त्यांचे वर्षाचे मीठ-मिरची चालते. तेवढ्यात भाच्याने त्यांचा खराटा उचलला. "आजी, उरलेली चार झाडं मी झाडतो."

अंधार पडेपर्यंत आम्ही तिघांनी चारही झाडांखालचा पाला ओढून काढला. आजींनी तो पाटीत भरला. म्हणाल्या, "बांधीत टाकीन. धानाला खत होईल."

पहाटे चारही झाडांखाली मोहफुलांचा सडा पडला होता, पिवळसर आणि गोड वासाचा. आजींनी ओंजळभर फुले भाच्याच्या हातावर ठेवली.

परतीची एस. टी. तीच होती. सुटण्याआधी कंडक्टरकाका म्हणाले, "बसा, डिझेल भरून येतो." भाचा माझ्याकडे पाहून हसला.

तुमच्या शाळेच्या अंगणातही पाला पडत असेल. त्याचे काय करता?