उघड्या अंगाचे फोटो

१८७७ सालचा एक फोटो आहे. विशीतला एक बेल्जियन शिपाई उभा आहे, उजवा हात डोक्यावर, अंगावर चिंधीसुद्धा नाही. नाव ऑग्युस्त नेय्त. फोटो काढणारा गाउदेन्झिओ मार्कोनी, पॅरिसच्या चित्रकला शाळेतल्या मुलांसाठी असे फोटो काढून विकणारा माणूस. आणि फोटो काढायला लावणारा होता ऑग्युस्त रोदँ, शिल्पकार.

भानगड अशी झाली होती. रोदँने या नेय्तला समोर उभं करून पुरुषाचा एक पूर्णाकृती पुतळा केला, 'ब्राँझ युग'. तो इतका हुबेहूब झाला की ब्रसेल्समध्येच कुजबूज सुरू झाली: ह्याने पुतळा घडवलेलाच नाही, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढलाय! कलाकारावर यापेक्षा वाईट आरोप नाही. मग रोदँने नेय्तचे त्याच पोझमधले फोटो काढून घेतले, की बघा, माणूस असा आहे आणि पुतळा असा, फरक मोजा. १८८० मध्ये फ्रेंच सरकारने पुतळा विकत घेतला आणि प्रकरण मिटलं.

मला यातली गंमत ही वाटते की नागडा फोटो इथे साक्षीदार म्हणून आलाय. कुणाला तो अश्लील वाटला का, हा प्रश्नच नव्हता.

त्या काळी पॅरिसमध्ये अशा फोटोंचा रीतसर धंदा होता. चित्रकला शाळेत नग्न देहाचा अभ्यास म्हणजे पाया, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे मॉडेल म्हणजे पुरुषच. अशा अभ्यासचित्राला नावच 'अकादमी' पडलेलं. तासन् तास उभा राहणारा मॉडेल महाग, फोटो स्वस्त. त्यामुळे कॅमेरा आल्या आल्या 'अकादमी'चे फोटो निघायला लागले. काठी धरलेला, दोरी ओढणारा, दगडावर टेकून बसलेला पुरुष... सगळ्या पोझ जुन्या चित्रांतून उचललेल्या. काठी-दोरीचा दुसरा उपयोग असा की मॉडेलला हलायचं नसतं, आधार लागतो. 'चित्रकारांच्या अभ्यासासाठी' हे लेबल असलं की विक्रीला मोकळीक. नसलं तर पोलीस. फोटो तोच!

देलाक्रॉसारखा मोठा चित्रकारही यात होता. जून १८५४ मध्ये त्याने युजेन द्युरिअ नावाच्या मित्राकडून स्त्री-पुरुष मॉडेल्सचे फोटो काढून घेतले, पोझ स्वतः दिल्या. त्याआधी वर्षभर, मे १८५३ मध्ये, त्याने घरी एक मस्त प्रयोग केला होता. डायरीत नोंद आहे. पाहुण्यांना आधी नग्न मॉडेल्सचे फोटो दाखवले. त्यातले काही अंगाने अगदी बेढब. मग लगेच मार्कान्तोनिओ या जुन्या नामांकित कारागिराची छापचित्रं पुढे ठेवली. ज्या चित्रांची सगळे आयुष्यभर वाहवा करत आले, ती एकदम खोटी वाटायला लागली. खरं अंग पाहिल्यावर आदर्श अंग नजरेतून उतरलं.

तुम्ही म्हणाल, हे पॅरिसचं झालं, चंद्रपूरवाल्याला काय त्याचं? सांगतो.

त्याच काळात कॅमेरा आपल्याकडेही फिरत होता. १८६८ ते १८७५ या वर्षांत 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले, जाती-जमातींचे फोटो घेऊन. १८६९ मध्ये लंडनच्या जॉन लॅम्प्रेने एक पद्धत छापली: सात फूट बाय तीन फुटांची लाकडी चौकट, त्यावर रेशमी दोऱ्यांची दोन-दोन इंचांच्या चौकोनांची जाळी, आणि तिच्यापुढे नग्न माणूस उभा. जाळी चित्रकारांच्या ओळखीची आहे. लहान चित्र मोठं करायला आपण शाळेत ड्रॉइंगच्या तासाला आखायचो तीच. फक्त इथे ती माणसं मोजायला वापरली. पॅरिसच्या स्टुडिओतला माणूस पैसे घेऊन उभा राहत होता. साम्राज्याच्या कॅमेऱ्यापुढच्या माणसाला 'नाही' म्हणायची सोय कितपत होती? पॅरिसमध्ये 'अभ्यास' हे लेबल चित्रकाराच्या नावाने लागलं, इथे शास्त्राच्या नावाने.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे (१९८२ पर्यंत जिल्हा एकच) हा प्रकार फार ओळखीचा आहे. उघड्या अंगाचा माडिया माणूस, कृष्णधवल फोटो, खाली एकच शब्द: 'आदिवासी'. सरकारी विश्रामगृहात, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, कॅलेंडरवर. लहानपणापासून बघत आलोय.

कॉलेजात माझा एक मित्र एटापल्लीकडचा, माडिया. एकदा एका जुन्या पुस्तकातला असाच फोटो त्याच्यापुढे आला. आम्ही बाकीचे अंगकाठी बघत होतो, "काय बॉडी आहे ना!" वगैरे. तो बराच वेळ बघून म्हणाला, "याची कुऱ्हाड कुठाय रे? आमच्याकडे माणूस जंगलात निघाला की कुऱ्हाड खांद्याला अडकवलेली असते. याला खाली ठेवायला लावली असेल." मग म्हणाला, "आणि हा कुणाचा तरी आजा आहे. नाव लिहायला किती शाई लागली असती?"

पुढे कामाच्या निमित्ताने हा विषय पुन्हा भेटला. आमच्या टीमकडे एका फोटो शेअरिंग ॲपचा फिल्टर होता. नग्नता दिसली की फोटो रोखायचा. या विषयावरचा एक गाजलेला जुना पेपर १९९६ चा आहे, 'नागडी माणसं शोधणे' अशाच अर्थाच्या सरळसोट नावाचा. त्याची रीत: आधी त्वचेच्या रंगाचे पिक्सेल शोधा, मग ते हातापायांसारखे जुळतात का बघा. आता न्यूरल नेटवर्क आली, तरी ज्या फोटोंवर ती शिकतात त्यांना लेबल कुणीतरी लावलेलंच असतं. एके दिवशी फिल्टरने एक अख्खा अल्बम अडवला. गडचिरोलीतला रेला नाच, गळ्यात ढोल, कमरेला धोतर, वर उघडं अंग. त्याच आठवड्यात जिममधल्या शर्ट काढलेल्या पोरांचे शेकडो फोटो आरामात पास झाले होते! म्हणजे मशीनला जिम माहीत होती, जंगल माहीत नव्हतं.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर आपल्याकडे गोष्टी तितक्या वाईट नाहीत. १९५४ मध्ये पॅरिसहून आलेल्या अकबर पदमसींवर मुंबईत चित्रांतल्या नग्नतेवरून खटला झाला आणि ते सुटले. सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सूझा आणि पदमसी यांच्या कस्टम्सने अडवलेल्या सात कलाकृती सोडायला लावल्या. नग्न म्हणजे अश्लील नव्हे, हे तिथे स्पष्ट झालं. आणि आमच्याकडच्या साध्या माणसाला ते सांगायला कोर्ट कशाला हवं? वैनगंगेकाठी मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत लोक आजी-नातवंडांसकट जातात, देवळाच्या भिंतीवर उघडी शिल्पं, मिथुनंसुद्धा आहेत, आणि सगळे त्यांच्या सावलीत शिदोरी सोडून जेवतात.

म्हणून मला वाटतं, अंग किती उघडं हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कोण कुणाकडे बघतंय आणि समोरच्याला विचारलंय का, हा अवघड. प्रकाश आमटे १९७३ मध्ये हेमलकशाला गेले. आजूबाजूच्या माडियांच्या अंगावर लंगोटी, आणि आपण शर्ट-पँटमध्ये, हे त्यांना खटकलं. त्यांनी लोकांना कपडे घालायला लावण्याऐवजी स्वतःचे कमी केले. हाफ पँट आणि बनियन, तेच कायमचं. डॉक्टर आणि पेशंट यांच्यातलं अंतर त्यामुळे किती कमी झालं असेल, विचार करा.

तर तो अडवलेला अल्बम. तपासणीसाठी माणसाकडे पाठवलेल्या फोटोंत तो माझ्यापुढे आला. प्रत्येक फोटोखाली ओळ होती, मराठीत: डावीकडून अमुक, अमुकचा भाऊ, ढोलवाला माझा काका. फोटो काढणारा त्याच गावचा पोरगा होता, मोबाईलवर काढलेले. काका कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. फिल्टर फक्त चित्र बघायचा. मजकूर वाचणं आमच्या स्पेसिफिकेशनमध्येच नव्हतं.

अल्बम सोडला. आणि मजकूर, तसंच फोटोतल्या माणसांची संमती, हे दोन्ही तपासणीच्या स्क्रीनवर यावं अशी मागणी लिहून टाकली. नेय्तचं नाव दीडशे वर्षं टिकलं, कारण रोदँला साक्षीदार हवा होता. या काकाचं नाव पुतण्यानेच लिहून ठेवलं होतं. ते आमच्या सिस्टिममध्ये गळू नये, एवढं तरी आमच्या हातात आहे.